मधल्या किमतीची

दुकानाच्या भिंतीवर तीन ओळी.
खालच्या ओळीत पोरांना वाढदिवसाला मिळतात त्या गिटारी,
वरच्या ओळीत कुलपातल्या.
त्यांना हात लावायचा तर ल्युसियाँला विचारायचं,
आणि तो आधी तुमच्या पट्ट्याच्या बक्कलकडे बघतो.
मी मधल्या ओळीपुढे उभी.
आठशे चाळीस डॉलर.
रंग गोठत आलेल्या तळ्याच्या कडेचा,
ना धड निळा, ना धड राखाडी.

‘पहिलीच?’
‘नाही. स्वतःच्या पैशाची पहिली.’

सडबरीत नोव्हेंबर म्हणजे दुपारी चारला दिवे.
टायरच्या दुकानात आमच्या दारापुढे गाड्यांची रांग,
सगळ्यांना आजच हिवाळी टायर हवेत.
बोटांतलं काळं साबणाने जात नाही.
ते पहिल्याच आठवड्यात मेपलच्या मानेवर उतरलं;
पाचव्या फ्रेटमागे माझा अंगठा
अजून तसाच आहे, पोलिसांनी घ्यावा तसा.

मग खाज सुटली.
आधी खुंट्या बदलल्या, सूर टिकत नव्हता म्हणून.
मग पिकअप बदलले, म्हणून.
फ्रीज सुरू झाला की अँप गुरगुरायचा,
तर आतल्या पोकळीत तांब्याचा पत्रा चिकटवला,
गिटारीच्या पोटात शिरून,
जिभेचं टोक दातांत धरून.
टेबलावर सोल्डरचा जळका डाग.
एकदा दोन वायरी उलट्या जोडल्या,
तर माझ्याच मांडीवर वाजणारी गिटार
शेजारच्या घरात वाजल्यासारखी ऐकू यायला लागली.
तीन दिवस मी ती तशीच ठेवली.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
हिशेब केला त्या रात्री : तेराशे साठ.
तेवढ्यात वरच्या ओळीतली, जुनी का होईना, आली असती.
ल्युसियाँ म्हणाला, ‘विकायचीच असेल तर चारशे.
तुझी कारागिरी मला विकता येत नाही, सिनिक्का.
मूळचे भाग ठेवलेस का?’
ठेवलेत. बिस्किटाच्या डब्यात.
सगळेच ठेवतात, तो म्हणाला.

एवढं करूनही एक स्वर मरत होता.
धरला की दोन क्षण, आणि मग फुस्स.
मी दोष कंडेन्सरला दिला, वायरींना दिला,
नव्या पिकअपच्या कंपनीला एक रागाचं पत्रही लिहिलं.

बाबा एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत, ड्रिलवर.
त्यांच्या कानांनी त्यांच्याआधी निवृत्ती घेतली.
श्रवणयंत्र चमच्यांच्या खणात असतं.
मी काय वाजवते ते त्यांनी कधी विचारलं नाही,
मीही ओरडून सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी अँप बंद, मी नुसतीच वाजवत होते.
ते समोर बटाटे सोलत होते.
सुरी ठेवली, हात पँटला पुसला,
आणि तळवा गिटारीच्या अंगावर टेकवला,
टवका उडालाय तिथे.
‘थांब. परत.’
मी परत.
‘तिसरी तार. सातव्याच्या पुढे कुठेतरी घासतेय.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले.
‘छत सैल झालं की आधी हातालाच कळतं,’ ते म्हणाले,
‘ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.’

शेडमधून बारीक कानस आणली.
आठवं फ्रेट केसाएवढं वर आलेलं.
अकरा मिनिटं घासलं, खर्च शून्य.
नव्या तारांचं पाकीट त्यांनी दिव्याखाली धरलं,
चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली.
निकेल.
पाकिटाची नीट घडी करून खिशात घातली,
बोलले काहीच नाहीत.

मागच्या आठवड्यात ल्युसियाँचा फोन :
कुणाला तरी तो रंग हवाय, चारशे पन्नास देतोय,
पण सगळं मूळचं हवं.
मी डबा काढला. पिकअप होते. वायरी होत्या.
खुंट्या नव्हत्या.

स्वयंपाकघरातल्या पडद्याची तार
बरेच दिवस सैल पडली नव्हती,
हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.